पंधरा पावलांवरचा उजेड

तपासनिसाचा स्क्रूड्रायव्हर गाडीच्या उंबऱ्यातून आरपार गेला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. उंबरा म्हणजे दाराखालचा लांबलचक पोकळ पत्रा. काका त्याला आयुष्यभर उंबराच म्हणत आले. तपासनीस भला माणूस होता. त्याने स्क्रूड्रायव्हर हळूच ओढून काढला, भोकातून सांडलेला गंज बुटाने बाजूला सारला आणि म्हणाला, "दहा दिवस देतो. पत्रा बदलून आणा, नाहीतर ही पुन्हा रस्त्यावर येणार नाही."

एरवी काकांनी हे काम एका रविवारी शीळ घालत उरकलं असतं. बत्तीस वर्षं ते बसगाड्यांच्या कारखान्यात वेल्डर होते आणि घरच्या गॅरेजात त्यांचं स्वतःचं मशीनही होतं. पण चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या छातीत, डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "जिना चालेल, प्रवास चालेल, बागकाम चालेल."

"आणि वेल्डिंग?" काकांनी विचारलं होतं.

"ते संपलं आता. चालू मशीनच्या जवळही फिरकायचं नाही. छातीतल्या मशीनचा गोंधळ उडाला तर ठोका चुकेल. निदान दहा पावलं लांब राहा."

त्या दिवसापासून काका खुर्चीत बसले ते बसलेच. विचाराल तेवढ्याचं उत्तर देत, वाढाल तेवढं खात. काकूंनी हरतऱ्हेने त्यांना बोलतं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. आता त्यात ही गाडीची भर पडली. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी भंगारात द्या म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, वरून पट्टी चिकटवतो आणि रंग मारून देतो, कुणाला कळतंय. त्यावर काका ताडकन उठून बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले.

घरी पोचल्यावर काकूंनी गाडीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "मी करते."

"काय करतेस?"

"उंबरा. तुम्ही सांगा, मी करते."

काका चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. हसणं कसलं, नाकातून नुसतं फुस्स केलं, पण काकूंनी ते जमेस धरलं. मग काका म्हणाले, "अगं, ते स्वेटर विणण्यासारखं नाही."

"स्वेटर तुम्हाला कुठे विणता येतो, तेव्हा तुम्हाला काय माहीत?" असं म्हणून काकू आत गेल्या. हा विषय त्यांच्यापुरता तिथेच मिटला.

काकूंना मशीनची भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्यांना खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. हा माणूस बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या हातातली वेल्डिंगची गन हिसकावून "असं नाही, असं" म्हणणारा. आता बायको डोळ्यांदेखत चुकत असताना हा लांब बसून राहील का? गाडीचं जे व्हायचं ते होवो. तो जवळ आला तर? लेकीने फोनवर नेमकं हेच विचारलं आणि काकूंनी फोन ठेवून तडक खडू शोधायला घेतला.

गॅरेजच्या दारापासून अंगणात त्यांनी पावलं मोजली. दहा झाल्यावर थांबल्या, काकांकडे पाहिलं आणि आणखी पाच टाकली. तिथे फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पांढरी रेघ ओढली आणि रेघेपलीकडे काकांची खुर्ची ठेवली.

"मशीनचा प्लग लागला की ही रेघ ओलांडायची नाही. शपथ घ्या."

"घेतली."

"तोंडाने म्हणा."

काकांनी तोंडाने म्हटलं.

पुढचे दोन दिवस तयारीत गेले. प्लग बाहेर होता, त्यामुळे काकांना जवळ यायला मुभा होती, आणि ते आले. बॅटरीच्या तारा सोडवल्या. सीटं, गालिचा, दाराखालचं नमद्याचं जाड कापड, आगीला खाद्य होईल असं सगळं उचकटून अंगणात रचलं. पेट्रोलची नळी दुसऱ्या बाजूने जाते हे काकांना पाठ होतं, तरी त्यांनी खाली आडवं होऊन बोटाने चाचपून खात्री केली. कुजलेला पत्रा काकूंनी कापला आणि कडा ग्राइंडरने घासल्या. "रंग गेला की झालं असं समजू नकोस," काका सांगत होते. "रंगाखाली जस्ताचा हात असतो. तो जळला की त्याचा धूर छातीत जातो. आरशासारखं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घास." काकूंनी घासलं. ग्राइंडरची धूळ उंबऱ्याच्या पोकळीत जाऊ नये म्हणून मागच्या भोकात चिंधीचा बोळाही कोंबला. धूळ म्हटली की काकूंचा हात आपसूक चिंधीकडे जाई. त्याबद्दल काही बोलायचं त्यांना सुचलंही नाही.

कपड्यांचं मात्र काकांना काही सांगावं लागलं नाही. काकू त्यांचा जुना जाड सुती शर्ट घालून बाहेर आल्या तेव्हा डाव्या मनगटावर, गळपट्टीखाली आणि उजव्या खिशाच्या वर त्यांनी आधीच चामड्याचे तुकडे शिवले होते. खिशाचं तोंडही टाके घालून बंद केलं होतं. काका बघतच राहिले.

"ठिणग्या कुठे पडतात हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या शर्टांनी," काकू म्हणाल्या. अडतीस वर्षं त्या याच तीन जागी भोकं रफू करत आल्या होत्या.

मग सरावाचा दिवस आला. काका रेघेपलीकडे गेले आणि खुर्ची फिरवून घराच्या भिंतीकडे तोंड करून बसले, कारण उघड्या डोळ्यांनी तो उजेड बघायचा नाही हा त्यांचाच नियम. हातात एक पाना आणि मांडीवर लोखंडी नळीचा तुकडा घेतला. कारखान्यात गोंगाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथले लोक नळीवर ठोके देऊन बोलत. एक ठोका म्हणजे चालू कर. दोन म्हणजे थांब. सारखे ठोके म्हणजे हातातलं टाक आणि प्लग काढ.

काकूंनी भंगार पत्र्याला मशीनच्या तारेचा चिमटा लावला, हातमोजे चढवले, गनचं टोक पत्र्यावर टेकवलं आणि मान झुकवून हेल्मेट खाली पाडलं. त्या जुन्या हेल्मेटची काच इतकी काळी होती की समोर मिट्ट काळोख झाला. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मागून एक ठोका पडला. काकूंनी खटका ओढला.

आणि काळोखात सूर्य उगवला.

त्यांनी लगेच खटका सोडला. पुन्हा मिट्ट. हेल्मेट वर करून पाहिलं तर पत्र्याला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं.

"घाबरलीस," काका भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले. "आवाजावरून कळलं. उजेडाकडे बघू नकोस. उजेडाच्या खाली बघ, जिथे पाणी झालंय तिथे."

"पाणी?"

"बघ म्हणजे कळेल."

बारा-तेरा भोकं पडल्यावर काकूंना ते दिसलं. हिरवट उजेडाच्या पायाशी एक इवलासा थेंब होता, मोत्यासारखा गोल, आणि तो जिवंत होता. थरथरत होता. त्याच्या कडा दोन्ही पत्र्यांना हळूहळू आपल्यात ओढून घेत होत्या आणि जिथे आतापर्यंत दोन पत्रे होते तिथे मधली फटच उरत नव्हती. काकूंनी हात केसभर सरकवला तर थेंबही सरकला. थांबल्या तर तोही थांबला आणि त्यांची वाट बघत तिथेच थरथरत राहिला. ज्या लोखंडावर आपटून त्यांनी आयुष्यात कितीदा तरी गुडघे फोडून घेतले होते, ते लोखंड त्यांच्या हाताखाली पाण्यासारखं वाहत होतं. खटका सोडल्यावर काळोखात तो थेंब क्षणभर लालबुंद तेवत राहिला, मग शेंदरी झाला, मग विझला.

त्यांनी हेल्मेट वर केलं आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. टक्कल, वाकलेले खांदे, कानामागे अडकवलेली पेन्सिल. हा माणूस बत्तीस वर्षं रोज हे बघून घरी येत होता! आणि "आज काय विशेष?" असं विचारलं की पायातले बूट काढता काढता म्हणत होता, "काही नाही." काकूंना त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्यासमोर हात जोडावेसे वाटले. दोन्ही एकदमच वाटलं, आणि त्या हातमोज्यांनिशी तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे वेल्डिंगचे टाके चांगले पडायला लागले. काका नुसत्या कानाने पारख करत होते. "तळणीचा आवाज यायला हवा. कढई जास्त तापली की कसं तडतडतं? तसं नको. नीट चरचर." हे काकूंना बरोबर कळलं. कढईचा आवाज ओळखायला त्यांना कुणाची शिकवणी लागत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी गाडीवरचं काम सुरू झालं. वारा अगदी पडलेला होता. गॅरेजची दोन्ही दारं उघडी, पाण्याची बादली उजव्या हाताला, तिच्यात भिजवलेलं जाड फडकं, आणि दाराशी आग विझवायचं लाल नळकांडं. नवा पत्रा जागच्या जागी बसला होता. काकांनी तो आधी हाताने पारखला आणि मग मुकाट्याने रेघेपलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "एका टाक्याशेजारी लगेच दुसरा घालू नकोस," ते म्हणाले. "एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. पत्र्याला निवायला वेळ दे, नाहीतर पापडासारखा वाकेल."

एक ठोका पडला. काकूंनी पहिला टाका घातला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी तोच काळोख, तोच सूर्य आणि त्याच्या पायाशी तोच थरथरणारा थेंब. चाळीस टाके लागणार होते. वीस झाले, पंचवीस झाले. पत्रा वाकला नाही. काकूंना वेळेचं भान उरलं नव्हतं. हे काम इतक्या उशिरा आपल्या वाट्याला का यावं, एवढाच विचार त्यांच्या मनात येत होता.

बत्तिसाव्या टाक्याला, उंबऱ्याच्या मागच्या टोकाशी, नळीवर सारखे ठोके पडायला लागले.

आता सांगायची गोष्ट अशी की या घरात ठोक्यांचा एक जुना इतिहास होता. काका खुर्चीत बसून चमच्याने पेला वाजवत आणि काकू स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणत. आणि हातातलं काम पुरं झाल्याशिवाय कधीही येत नसत. अडतीस वर्षांत त्या एकदाही पहिल्या ठोक्याला उठल्या नव्हत्या आणि काकाही कधी त्यांच्यासाठी थांबले नव्हते. दोन मिनिटांनी स्वतःच उठून हवं ते घेऊन जात. संसार त्यावर उत्तम चालला होता.

तेव्हा हेल्मेटच्या आत काकू म्हणाल्या, "आले, आले. एवढा होऊ दे." आणि थेंब पुढे नेत राहिल्या.

ठोके थांबले.

टाका पुरा करता करता हेल्मेटच्या खालच्या फटीतून, आपल्या गुडघ्यापलीकडे, काकूंना अंगणाची फरशी दिसली. त्या निळ्या उजेडात फरशीवर दोन चपला होत्या. ओळखीच्या चपला. आणि त्या रेघेच्या अलीकडे होत्या.

काकूंच्या हातून खटका सुटला. "तिथंच थांबा," त्या ओरडल्या. स्वतःचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. काकांनीही ऐकला नसावा, कारण ते एक पाऊल उचललेलं तसंच अधांतरी ठेवून थांबले. काकूंनी हेल्मेट भिरकावलं, आडव्या होऊन भिंतीवरचा प्लग ओढला आणि तो हवेत उंच धरून काकांना दाखवला.

"मागच्या भोकात काय आहे?" काकांनी तिथूनच विचारलं. "सुती कापड जळतंय. हा वास मला झोपेतही कळतो."

काकूंना आठवलं. चिंधी. धूळ जाऊ नये म्हणून त्यांनीच कोंबलेली. उंबऱ्याच्या मागच्या भोकातून धुराची बारीक रेघ निघत होती, आणि त्या बंद पोकळीतून ती आग पुढे कुठवर गेली असती हे सांगायला कुणी नको होतं. त्यांनी लांब पकड आत घातली. पहिल्यांदा हाती नुसती राख आली. दुसऱ्यांदा चिंधी आली, कडांनी लाल, मधून काळी. ती बादलीत पडली तेव्हा चर्र झालं. मग त्यांनी भोकात तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. पाणी पुढच्या भोकातून आधी काळं, मग राखाडी आणि शेवटी स्वच्छ वाहेपर्यंत ओतलं.

तोवर काका शेजारी येऊन उभे राहिले होते. काकूंनी ओले हातमोजे काढून आधी त्यांचं मनगट धरलं. परिचारिकेने शिकवलं होतं तसं घड्याळाकडे बघत ठोके मोजले. पूर्ण एक मिनिट. काका तेवढं मिनिट शहाण्या पोरासारखे उभे राहिले.

"किती?"

"अडुसष्ट. सारखे."

"मग? माझं मशीन चालूच आहे. तूच तुझं बंद केलंस."

काकू हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. "शपथ घेतली होती तुम्ही."

"तूही सांगितलं होतंस, ठोके पडले की हातातलं टाकीन म्हणून," काका म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दोघांचंही चुकलं."

काम मध्ये सोडलं तरी एक तास गाडीपासून हलायचं नाही, हा काकांचा आणखी एक नियम. आत कुठे धग दडून बसली असेल तर ती तासाभरात तोंड वर काढते. पूर्वी दर रविवारी काका काम आटोपूनही असे तासभर बादली घेऊन गाडीपाशी बसत आणि ताट निवून जाई. घरात यायला नको म्हणून तिथे बसतात अशी काकूंची बरीच वर्षं समजूत होती. आज दोघं दोन उलट्या डब्यांवर बसली. काकांनी पत्र्याजवळ आधी हाताची मागची बाजू नेऊन धग पाहिली आणि मग अंगठ्याने एकेक टाका चाचपत गेले. बत्तिसाव्यावर अंगठा जरा जास्त वेळ थांबला.

"हा पुरा केलास तू," ते म्हणाले. "मी बोंबलत होतो तेव्हा."

"हो."

"चांगला आहे."

काकूंनी खूप वेळ शब्द जुळवले आणि शेवटी साधंच विचारलं. "अहो, तो थेंब. इतकी वर्षं बघत होतात. मला कधी सांगितलं का नाहीत?"

काका बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. "सांगायला गेलो असतो तर काय सांगितलं असतं? लोखंडाचं पाणी होतं? तू म्हणाली असतीस, बरं, हात धुऊन या."

तसंच म्हटलं असतं, काकूंना ठाऊक होतं.

"आणि मला तरी कुठे माहीत होतं," काका पुढे म्हणाले. "दोन दिवस मी त्या भिंतीकडे तोंड करून बसलोय. तू खटका ओढलास की सगळी भिंत निळी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच निळी होते आणि तिच्यात तुझी सावली दिसते, खाली वाकलेली, ही एवढी मोठी. मग एकदम सगळं विझतं. पुन्हा पेटेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "तू त्या खिडकीशी उभी असायचीस, मी इथे काम करायचो तेव्हा. दर रविवारी. हेच बघत होतीस होय?"

"हेच," काकू म्हणाल्या.

"आणि विझल्यावर?"

"पुन्हा पेटेपर्यंत भांडी घासायची."

काकांनी त्यांचा हात धरला, काजळी माखलेला, आणि तास भरेपर्यंत सोडला नाही. गाडीतून धूर आला नाही. भोकाशी नाक नेऊन दोघांनी आळीपाळीने वास घेतला. ओल्या लोखंडाचा वास होता, बाकी काही नाही.

"आठ टाके राहिलेत," काकू म्हणाल्या आणि वाट बघत राहिल्या.

काका उठले. गॅरेजमधून अंगणात गेले. चपलांनी रेघ मधोमध पुसली गेली होती. त्यांनी खिडकीतला खडू घेतला, गुडघ्यावर हात देत कण्हत खाली वाकले आणि पुसलेला तुकडा स्वतः पुन्हा ओढला, पहिल्यापेक्षा जाड. मग रेघेपलीकडे गेले, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बसले. आता काकूंनी प्लग लावला, गनचं टोक टेकवलं आणि मान झुकवली.

काळोखात एक ठोका आला. सूर्य उगवला, थेंब थरथरला, पत्रे एकमेकांत मिसळू लागले.

ऐन मध्ये दोन ठोके पडले.

काकूंनी त्याच क्षणी खटका सोडला. टाका अर्धा राहिला. हेल्मेट वर करून त्यांनी वळून पाहिलं. काका रेघेपलीकडेच होते, पाठमोरे, भिंतीकडे तोंड करून, आणि खुर्चीचे चारही पाय जागच्या जागी होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "थांबतेस का बघितलं."

काकूंनी हेल्मेट खाली पाडलं आणि ठोक्याची वाट बघू लागल्या.